‘हंग्री’चं दुसरं वाक्य

चांगुणे,

तुझी दोन्ही पोती आता माझ्या घरात आहेत. खताची रिकामी पोती धुऊन, उन्हात वाळवून तू त्यांत शब्दपट्ट्या भरायचीस, तीच. दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तुझा दत्ता ती पिकअपमध्ये टाकून डिंगोऱ्याहून आमच्या बोरीला घेऊन आला. सुनेनं जिन्याखाली जागा करून दिली. दत्तानं चहा घेतला, माझ्या पाया पडला आणि निघताना म्हणाला, मावशी, आईवर काहीतरी लिहा, पेपरात छापायला देऊ. मी हो म्हटलं.

हल्ली मी कशालाही हो म्हणून बसते. त्यातल्या एका हो म्हणण्याची मला इतकी लाज वाटते आहे की पेपरासाठी लिहिण्याआधी तुझ्याशी बोलून घेणं भाग आहे. तसंही पेपरात देण्यासारखं सगळं चौकातल्या फ्लेक्सवर येऊन गेलं. तुझा जन्म, नोकरी, बदल्या, शाल आणि श्रीफळ. फोटो मात्र निवृत्तीच्या सत्कारातला लावला होता, फेटा बांधलेला, ज्यात तू कुणावर तरी डाफरायच्या बेतात दिसतेस. मी नको म्हणत होते, पण अशा वेळी मैत्रिणीला कोण विचारतं.

लोकांना वाटतं आपल्या दोघींचं मेतकूट होतं. होतंच, पण ते भांडून जमलेलं होतं. शाळेत आपले वर्ग शेजारीशेजारी, मध्ये एक पातळ भिंत. माझ्या वर्गात पोरं हाताची घडी घालून बसायची, तुझ्या वर्गातून आरडाओरडा यायचा, आणि मी भिंतीवर डस्टर आपटायचे. निवृत्त झाल्यावर मी आता पाय पसरून बसायचं ठरवलं होतं. तू ठरवलंस की तुझ्या माहेरच्या वाडीवरच्या शाळेसाठी इंग्रजी शब्दांच्या पट्ट्या करायच्या. पोरं शब्द पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात, हे तुला बघवत नव्हतं. मला न विचारता तू मलाही त्यात धरलंस.

लग्नसराई संपली की तू गावभर फिरून जुन्या पत्रिका गोळा करायचीस. जाड कागद, मागची बाजू कोरी. तिच्यावर ठसठशीत अक्षरात एक शब्द लिहायचा आणि जिथं जिभेला थांबावंसं वाटतं तिथं कात्रीनं त्याचे तुकडे करायचे. शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांबड्या पेनानं एक आडवी रेघ. "ही रेघ म्हंजी मागनं कुनीतरी येतंय, थांबा," असं तू पोरांना सांगायचीस. एका पोरानं एक तुकडा धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं दुसरा. दोघं शेजारी आली की शब्द जुळायचा, आणि मग तिसऱ्यानं अर्थाची पट्टी वाचायची.

या अर्थाच्या पट्टीवरून आपली खरी जुंपायची. डिक्शनरीतला अर्थ तुला चालायचा नाही. शब्दाचा अर्थ म्हणजे आपल्या बाबतीत घडलेलं एक वाक्य, हा तुझा नियम. एक वाक्य तुझं, त्याच्याखाली एक माझं, म्हणजे पोरांना कळेल की एकच शब्द दोन माणसांना दोन तऱ्हांनी भेटतो. मी म्हणायचे, हा पोरखेळ आहे, परीक्षेत असं लिहिलं तर भोपळा मिळेल. तू म्हणायचीस, भोपळा मिळाला तर मिळू दे, शब्द तर राहील.

लेण्याद्रीच्या सहलीनंतरची ‘मं-की’ची पट्टी आठवते? तू लिहिलं होतंस, ‘मंकी म्हणजे जो पायऱ्यांवर बाईंच्या हातातला पेरू नेतो आणि वर आपल्यालाच दात विचकतो.’ त्या पेरूवाल्या बाई म्हणजे मी. मग मीही खाली लिहिलं, ‘मंकी म्हणजे ज्याला बघून चांगुणाबाई हसतात आणि मदतीला येत नाहीत.’ ‘ले-पर्ड’ला मात्र मी पहिल्यांदा ‘मार्जार कुळातील हिंस्र प्राणी’ असं लिहून दिलं. तू ती पट्टी माझ्याच हातात परत ठेवलीस आणि विचारलंस, तू बघितलायस का कधी? बघितला होता. सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना, उसाच्या कडेला बसून तो जांभई देत होता. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं. तू म्हणालीस, मग तेच लिही. मी लिहिलं, आणि वाडीवरच्या पोरांनी वर्षभर त्या बिबट्याच्या जांभया काढून दाखवल्या. मला ते आवडलं होतं, पण तुझ्यापाशी मी तसं कबूल केलं नाही.

मग ‘हंग्री’ आला. ‘हं’ एका तुकड्यावर, रेघ, आणि ‘ग्री’ दुसऱ्यावर. इतका साधा शब्द की त्यावरून काही बिनसेल असं कुणाच्या मनातही येऊ नये.

तुझं वाक्य तू लगेच लिहून टाकलंस. ‘हंग्री म्हणजे कंदाचा कडूपणा जायच्या आधीच तो खाल्ला, आणि ओकल्यावर पुन्हा खाल्ला.’ त्यामागची गोष्ट मला ठाऊक होती. श्रावणात घरातली कणगी रिकामी झाली की तुझी आई डोंगरातून कडू कंद खणून आणायची. त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायची आणि कडूपणा निघून जावा म्हणून टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. तू आणि तुझा भाऊ टोपलीची राखण करायचात, आणि एका वर्षी राखणदारांनीच तो खाल्ला. पेपर तपासता तपासता तू हे मला सांगितलं होतंस, हसत हसत. मीही हसले होते. तुला तेच हवं असेल असं मला वाटलं होतं.

आता माझी पाळी होती. मी लिहिलं, ‘भुकेलेला.’ तू खोडलंस. मी लिहिलं, ‘शाळा सुटल्यावर वाटतं ते.’ तू तेही खोडलंस आणि म्हणालीस, हे तुझ्या बाबतीत घडलेलं नाही, हे तू पोरांचं बघितलेलं आहेस. मी पेन खाली ठेवलं. कात्रीला चिकटलेला कागद नखानं काढत तू म्हणालीस,

"इमल, तुला भूक लागलेली मला आठवत न्हाई. तुज्याकडं डबा आसायचाच. ऱ्हाऊ दे कोरी. लागंल तवा लिही."

तू रागानं म्हणाली नव्हतीस, टोमणाही मारला नव्हतास. पण मला ते फार झोंबलं. आमच्या बोरीला पाणी होतं, ऊस होता, दावणीला दुभती म्हैस होती, त्यात माझा काय गुन्हा? हे मी बोलून दाखवलं. तेवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, तुला तुझ्या भुकेचंही भारी कौतुक आहे. तू माझ्याकडं बघितलंस आणि चहाचं आधण ठेवायला उठलीस. मी चहाला थांबले नाही. मिळेल त्या एसटीनं घरी आले आणि सुनेला सांगून टाकलं की चांगुणाबाईंचं ते पट्ट्यांचं खूळ माझ्यापुरतं संपलं.

त्यानंतर आपण फोनवर बोलत होतोच. तुझा गुडघा, माझी शुगर, टोमॅटोचा बाजार, सुनांच्या कागाळ्या. पट्ट्यांचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. मग तुला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. मी आले तेव्हा तू नळ्या लावून झोपलेली होतीस. दत्ताला धीर दिला, उशाशी मोसंब्या ठेवल्या आणि परत आले. तू बरी झालीस की आपणहून विषय काढायचा असं मनाशी ठरवलं होतं. तू बरी झाली नाहीस.

आता दहाव्याचं सांगते. तिथं तू होतीस की नव्हतीस, मला माहीत नाही.

सकाळी घरून निघताना मी शुगरची गोळी घेतली आणि वर फक्त चहा. म्हटलं, लवकर आटोपेल. आपल्याकडं दहावा लवकर आटोपतो, हे मला या वयात कुठून सुचलं कोण जाणे. आधी महाराजांचं प्रवचन झालं. मग पुढारी आले, एक गेला की दुसरा. एकेकाला तुझं नाव शेजारच्याला विचारून घ्यावं लागत होतं, पण तुझ्या जाण्यानं तालुक्याची कशी हानी झाली ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. उन्हं डोक्यावर आली. नदीकाठी पिंड ठेवले, माणसं मागं सरकली आणि सगळे करंजाच्या झाडाकडं बघायला लागले. झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली येईना.

कावळा शिवत नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. बाईंचं मन कशात तरी अडकलंय. दत्ता पुढं झाला, हात जोडून म्हणाला की धाकट्या भावाला मी अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. तुझ्या लेकीनं कबूल केलं की तुझी ती मारकी गाय कुणी विकणार नाही. कावळ्यांनी तिकडंही लक्ष दिलं नाही. गाईचं ऐकून मला एरवी हसू आलं असतं. पण माझे हात कापायला लागले होते, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता. पिंडाला कावळा शिवायच्या आधी, शेदोनशे माणसांत, तुझी जिवाभावाची मैत्रीण बिस्कीट कशी खाणार? मांडवामागं चुलवणावर आमटीला उकळी फुटली होती, तिचा वास थेट नदीपर्यंत येत होता. चांगुणे, मी तुझा विचार करत नव्हते. मी आमटीचा विचार करत होते.

तेवढ्यात तुझे चुलत दीर, तात्या, माझ्याकडं वळले.

"इमलबाई, वैनींचा जीव त्या पट्ट्यांत गुतला आसंल. तुमी बोला. तुमचं आयकत्याल त्या."

सगळा घाट माझ्याकडं बघायला लागला. माझा तर निर्णय कधीच झाला होता. पट्ट्यांना पुन्हा हात लावायचा नाही, असं मी घरी सांगून बसले होते. पण मी उठले. पुढं गेले, हात जोडले, आणि वर्गात बोलायचे त्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"चांगुणे, तुझ्या पट्ट्या मी पुऱ्या करीन. तुझ्याच रीतीनं."

आणि मनातल्या मनात कावळ्याला म्हणाले, ये रे बाबा आता.

तो आला. झाडावरून सरळ खाली उतरला, भाताच्या गोळ्यावर चोच मारली, आणि त्याच्यामागून बाकीचेही आले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तात्यांनी मला हात जोडले. दत्ता माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मीही रडले, पण मला तेव्हा उभंही राहवत नव्हतं. लगेच पंगत बसली. मी भात दोनदा घेतला, आमटी पुन्हा मागून घेतली. वाढणारी बाई शेजारणीला म्हणाली की बाईंनी इतके दिवस धड खाल्लं नसेल, लई जीव होता दोघींचा. मी खाली मान घालून तेही ऐकून घेतलं आणि आणखी एक बुंदीचा लाडू घेतला.

त्या लाडवाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नंतर तर माझा सत्कारच सुरू झाला म्हण ना. ज्याच्या त्याच्या तोंडी तीच गोष्ट. विमलबाई बोलल्या आणि कावळा शिवला. जुन्या सहकारी बायकांचे फोन आले. बाजारात एक ओळखीचा माणूस गुडघ्याएवढ्या मुलाला म्हणाला, बाईंच्या पाया पड. पोती जिन्याखाली होती. मी येता-जाता त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. सून एकदा म्हणाली, आई, उघडा तरी. मी तिच्यावरच खेकसले.

मला सलत होतं ते हे, की तू विश्वास ठेवलास. जन्मभर तू माझं कुठलंही म्हणणं तपासून घेतल्याशिवाय मानलं नाहीस, आणि नेमकं हे खोटं तेवढं मानून निघून गेलीस. ओकून पुन्हा तोच कडू कंद खाणारी तू, आणि जेवायला थोडा उशीर झाला म्हणून तुझ्या पिंडापुढं खोटं बोलणारी मी. माझ्या त्या भुकेला भूक म्हणायचीसुद्धा मला चोरी. तू असतीस तर हसून सोडून दिलं असतंस, हे मला माहीत आहे, आणि त्यानं काही हलकं वाटत नाही.

शेवटी परवा मी ठरवलं की पोती वाडीवर न्यायची, गुरुजींच्या ताब्यात द्यायची आणि मोकळं व्हायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, वयोमानानं जमत नाही. पुतण्यानं गाडी काढली. शाळेत पोचले तर गुरुजींना कसली तरी माहिती तातडीनं पाठवायची होती. बाई, आलाच आहात तर जरा पोरांकडं बघा, म्हणून ते मोबाइल घेऊन रेंज शोधत टेकाडावर चढले.

मी खुर्ची ओढेपर्यंत पोरांनी एक पोतं सोडलं होतं. त्यांना तुझा खेळ पाठ आहे. दोन पोरी उठल्या, एकीनं ‘हं’ धरला, दुसरीनं ‘ग्री’. त्या शेजारी आल्या, सगळ्यांनी शब्द म्हटला. एकानं अर्थाची पट्टी घेऊन तुझं वाक्य वाचलं. कडू कंद त्यांना ठाऊक आहे, दोघातिघांनी तोंडं वाकडी केली. मग त्यानं पट्टी उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं की दुसरं वाक्य कुठं आहे. सगळी माझ्याकडं बघत थांबली. दुसरं वाक्य झाल्याशिवाय पुढची पट्टी काढायची नाही, ही सवय तूच लावून ठेवलीस.

‘भुकेलेला’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग काय झालं माहीत नाही, मी त्यांना सगळं सांगितलं. तू पट्टी कोरी का ठेवलीस, मी चहा न घेता कशी आले, गोळी, बिस्किटांचा पुडा, आमटीचा वास, मी मोठ्यानं काय म्हणाले आणि मनात काय म्हणाले. लाडवाचंही सांगितलं. इतक्या लहान पोरांना असलं सांगावं का, असा विचार मध्येच आला, पण तोवर अर्धं बोलून झालं होतं. कुणी हसलं नाही. ‘ग्री’चा तुकडा छातीशी धरून उभी असलेली, पुढचे दात पडलेली पोरगी एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली,

"बाय, मंग त्या कावळ्यालाबी भूकच लागली आसंल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना त्यात नवल असं काही वाटलं नाही. ती पुढचा शब्द काढायला लागली.

मी पोती परत आणली. पुतण्या विचारत राहिला, की मग नेली कशाला होती. मी खिडकीतून भाताची खाचरं बघत होते आणि पोरीचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. खरंच तर आहे. कावळे सकाळपासून ताटकळत होते, समोर भात होता, आणि शेवटी एकाला धीर निघाला नाही. तू माझं ऐकलंस आणि गेलीस, ही माझीच समजूत. इतके दिवस मी तिच्या ओझ्याखाली वाकले होते, पण त्या ओझ्यात एक सुखही होतं, की शेवटी का होईना तू माझा शब्द मानलास. तू मानला नव्हतास. मी दिलेलं वचन कुणी घेतलंच नव्हतं, त्यामुळं मला कुणी धरूनही ठेवलेलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला गाडीत रडू आलं, या खेपेला पोट भरलेलं असताना.

काल मी ‘हंग्री’च्या पट्टीवर तुझ्या वाक्याखाली लिहिलं, ‘हंग्री म्हणजे मैत्रिणीच्या पिंडापुढं उभी राहिले आणि आमटीचा वास घेतला.’ तू हे खोडणार नाहीस असं वाटतं. खोडलंस तरी चालेल.

आज दुपारी वेळेवर जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. ताट घासून पालथं घातलं. सून आडवी झाली आहे, घरात दुसरं कुणी नाही. मी जिन्याखालून एक पोतं ओढून बाहेर आणलंय आणि त्याच्याशेजारी बसून हे लिहिते आहे. इथं तात्या नाहीत, दत्ता नाही, ऐकायला माणसं नाहीत आणि मला कुठं जेवायला जायची घाई नाही. म्हणून आता म्हणते.

चांगुणे, तुझ्या पट्ट्या मी पुऱ्या करीन. तुझ्याच रीतीनं.